फाट्यावरचा फॉन्ट्या

कापूरहोळच्या फाट्यावर माणूस थांबतो तो पुढं जाण्यासाठी. कुणाला भोरला जायचं असतं, कुणाला नारायणपूरवरून सासवडला, कुणाला नुसताच साताऱ्याकडे. हायवेवरून आलेला माणूस इथं चहा घेतो, वडापाव खातो, एसटीची पाटी लांबूनच वाचायचा प्रयत्न करतो आणि निघून जातो. फाट्यावर येऊन कायमचा थांबलेला असा आमच्या माहितीत एकच इसम. गाव त्याला फॉन्ट्या म्हणतं. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते आता रेशनकार्डावर आणि त्याच्या आईच्या तोंडी तेवढंच उरलंय. एखाद्याला किंमत द्यायची नसली की आपल्याकडे त्याला फाट्यावर मारतात. फॉन्ट्याच्या बाबतीत गावाची ती मेहनत वाचली, कारण त्याचं दुकानच फाट्यावर आहे.

दहा बाय दहाचा गाळा. 'फ्लेक्स, बॅनर, लग्नपत्रिका' अशी पाटी. डिझाइन इथं होतं, छपाई कात्रजला. आत एक संगणक, एक स्टूल, आणि भिंतीवर तीन वस्तू. पहिला गणपती. दुसरा वडलांचा हार घातलेला फोटो. वडील पेंटर होते, आसपासच्या पन्नास भिंतींवर खतं, बियाणं आणि कुटुंबनियोजन त्यांच्या हातचं होतं. तिसरी वस्तू लॅमिनेट केलेला शासननिर्णय, दिनांक ६ नोव्हेंबर २००९. मराठीचा ल पाकळीचा असावा आणि श देठाचा असावा, हे सरकारनं ज्या कागदावर ठरवलं तो हा कागद. सकाळी दुकान उघडल्यावर तिघांनाही उदबत्ती ओवाळली जाते.

हे सगळं झालं एका पुस्तकामुळं. फॉन्ट्या पुण्याला चित्रकला शिकायला गेला होता. तिथं तो किती शिकला हे त्याच्या घरचे अजून विचारतात. पण एका रविवारी जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि जुनी घड्याळं यांच्यामध्ये त्याला एक जाडजूड पुस्तक सापडलं. जगभरातली दीडशे वर्षांची पोस्टरं आणि त्यांमागच्या चळवळी. पोथी वाचून काही माणसं कांदा-लसूण सोडतात. यानं हे पुस्तक वाचून नेहमीचे फॉन्ट सोडले.

माझी त्याची पहिली गाठ पडली ती कचऱ्यावरून. निवृत्त मास्तर म्हणून गावानं माझ्यावर एक काम सोपवलं होतं. ओढ्याच्या कडेला 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावायची. मी गेलो, मजकूर सांगितला. त्यानं डोळे मिटले आणि विचारलं,

"गुरुजी, कोणत्या काळातली पाटी करायची?"

"आत्ताच्या. कचरा आत्ता टाकतात."

"तसं नाही. म्हंजी स्विस करू, रशियन करू, का मॉरिस?"

मी म्हटलं, बाबा, तुला जमेल ते कर. त्यानं मॉरिस केलं. विल्यम मॉरिस नावाच्या इंग्रजानं १८९१ साली केल्म्सकॉट प्रेस काढला, यंत्रानं पुस्तकांची रया घालवली म्हणून हातानं टाइप पाडला, पानाच्या चारी बाजूंनी वेलबुट्टी चढवली, हे मला चहा गार होईपर्यंत ऐकावं लागलं. पाटी मात्र अशी देखणी झाली की सांगता सोय नाही. द्राक्षाचे वेल, पानं, मधे 'येथे'चा ये दीड वीत. लोक थांबून बघू लागले. पुढं पुढं तिच्यासमोर फोटो काढू लागले. आणि थांबलेला माणूस काय करतो? हातातलं खातो आणि कागद तिथंच टाकतो. ओढ्याला तोवर कचऱ्याची एवढी वर्दळ नव्हती.

दुसरा गाजलेला प्रसंग यात्रेच्या फ्लेक्सचा. यात्रा कमिटीला काय हवं असतं, ते शेंबडं पोरही सांगेल. वर देव, खाली गुलाल, मधे बैलगाडा, आणि जिथं बोट ठेवायला जागा उरेल तिथं देणगीदार. फॉन्ट्यानं स्विस पद्धत लावली. "गुरुजी, यात ग्रिड असतं. म्हंजी भाताच्या खाचरागत. आधी बांध घालून घ्यायचे, मग त्यात अक्षरं लावायची. बांधाबाहेर एक रोप जाऊ द्यायचं नाही." म्यूलर-ब्रोकमान नावाच्या झुरिचच्या गृहस्थांनी १९५५ साली बेथोव्हेनच्या मैफिलीसाठी नुसत्या कमानींचं पोस्टर केलं होतं, गाणारा-वाजवणारा कुणीच दाखवला नव्हता, तरी ते जगात गाजलं, हा दाखला त्यानं कमिटीला दिला. कमिटीपुढं जो फ्लेक्स उलगडला त्यात डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात यात्रा होती. बाकी पांढरं.

अध्यक्षांनी चष्मा लावला. मग काढला. मग बोटांवर हिशेब केला. "दहा बाय आठ. ऐंशी फूट. बारा रुपयानं नऊशे साठ. त्यातलं तू लिवलंयस वीस फूट. ऱ्हायल्याल्या साठ फुटाचं काय?"

"ती मोकळी जागा आहे, अध्यक्ष. तिच्यामुळं अक्षर श्वास घेतं."

"सातशे वीस रुपयांचा श्वास?"

फ्लेक्स परत आला. पण आठ दिवसांनी फाट्यावर एक प्लॉटिंगवाला आला, त्यानं तो गुंडाळलेला फ्लेक्स उघडून बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. गेली दहा वर्षं तो सगळ्यांना मोकळी जागाच दाखवत होता, पण इतकी मोकळी त्याला कुणी काढून दिली नव्हती. त्यानं तशाच्या तसा करायला सांगितला. कोपऱ्यातली यात्रा काढून तिथं लिहिलं, 'एवढी विकणे आहे.' स्विस टायपोग्राफीला आमच्या तालुक्यात मिळालेली ती पहिली आणि शेवटची पूर्ण रक्कम.

तिसरी हकिकत वाढदिवसाची. आमच्याकडच्या एका युवा नेत्याला 'भावी' व्हायचं होतं. भावी कोण ते नंतर ठरणार होतं. फॉन्ट्याच्या मनात त्या दिवशी रशिया होता. १९२४ साली रॉडचेंकोनं एक पोस्टर केलं. डोक्याला रुमाल बांधलेली बाई, तोंडाशी हात, आणि तोंडातून रुंद होत जाणाऱ्या त्रिकोणात एकच हाक: पुस्तकं! पुस्तक छापणाऱ्या सरकारी संस्थेची ती जाहिरात. फॉन्ट्यानं तिथं नेत्याला बसवलं. नेत्याच्या तोंडाशी हात, आणि तोंडातून लाल त्रिकोणात 'हार्दिक शुभेच्छा!!' बाहेर.

सकाळी फ्लेक्स लागला. दहा वाजेपर्यंत विरोधी गटानं अर्थ लावून टाकला. हा बाबा स्वतःच बोंबलून स्वतःला शुभेच्छा देतोय. वर लाल त्रिकोणामुळं काहींना वाटलं, नेत्यानं पक्षही बदलला. सगळ्यात मोठा घोळ मात्र खाली होता. चाळीस शुभेच्छुकांच्या फोटोंऐवजी फॉन्ट्यानं चाळीस काळे ठिपके काढले होते. "कँडिन्स्की म्हणतो, सगळ्याची सुरवात बिंदूपासून होते," त्यानं समजावलं. नेता म्हणाला, "माझे कार्यकर्ते काय ठिपके हायत?" चाळीस जणांपैकी प्रत्येकजण आपला ठिपका कुठला ते विचारायला दुकानात येऊन गेला. दोघांनी आपला ठिपका शेजारच्यापेक्षा बारका का, यावर वाद घातला. ठिपके सगळे सारखेच होते.

लहानसहान फजित्यांचा तर हिशेबच नाही. रसवंतीवाल्याला त्यानं सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणं 'अुसाचा रस' लिहून दिलं. अ ची बाराखडी केली की टाइपांचे खिळे वाचतात, हे त्याचं म्हणणं खरं होतं, पण रसवंतीवाल्याकडे खिळे नव्हते, गिऱ्हाइकं होती, आणि ती शुद्धलेखन सुधारून जात होती. एका ढाब्याला त्यानं १९६६ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेस विल्सनच्या धर्तीवर ज्वाळांसारखी वितळणारी अक्षरं करून दिली. ढाबामालकानं उन्हानं फ्लेक्स पघळला म्हणून पैसे दिले नाहीत, वर बदलून मागितला.

आप्पांच्या चहाच्या टपरीवर मात्र तो रंगात येतो. बाउहाउस हा त्याचा हळवा कोपरा. "आप्पा, १९१९ ला जर्मनीत शाळा निघाली. तिथल्या बायरनं १९२५ मधे सांगितलं, मोठी अक्षरं वेगळी, छोटी वेगळी, ही दोन सोंगं कशाला? एकच ठेवा. जग हादरलं! आणि आपली देवनागरी? पहिल्यापासून एकच. म्हंजी बाउहाउस मूळचं आपलंच."

"मग भाडं वसूल कर जर्मनीकडनं," आप्पा म्हणाले, "माझी मागची उधारी फिटंल."

एकदा त्यानं गणपत कृष्णाजींचं सांगितलं. १८३१ साली त्यांनी मुंबईत छापील मराठी पंचांग काढलं. सोवळ्यातले लोक छापलेल्या कागदाला हात लावीनात, शाईत चरबी असते म्हणून. तेव्हा शाईत तूप घातलं गेलं, असं सांगतात. पुढं जावजी दादाजींचा निर्णयसागर आला, त्यात राणूजी आरूंनी कोरलेला टाइप आला, आणि ज्या अक्षरांत आपले आजे-पणजे पोथ्या वाचत आले ती अक्षरं झाली. हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो. टपरीवरचे चार लोकही गप्प झाले होते. मग आप्पा म्हणाले, "तुपाची शाई! परवडायचं बाबा तवा," आणि सभा मोडली.

त्याच्या देवांत सगळ्यात वरचे कमल शेडगे. नाटकाच्या जाहिरातीत नाव नुसतं लिहायचं नसतं, नाव बघूनच नाटक रडवणारं का हसवणारं ते कळलं पाहिजे, हे शेडग्यांनी मराठी माणसाच्या डोळ्याला शिकवलं, असं तो म्हणतो, आणि यात तो बरोबर आहे. २०२० च्या जुलैत शेडगे गेले तेव्हा यानं सुतक पाळलं. लोक भेटायला आले. "कोण गेलं?" "शेडगे." "कुठले? आपल्या खोऱ्यातले का मुळशीचे?" त्यानं 'अक्षरातले' असं उत्तर दिलं. बराच वेळ लोकांनी अक्षर नावाचं गाव आठवायचा प्रयत्न केला.

लग्नाचं म्हणाल तर एकदा जमत आलं होतं. मुलीच्या वडलांचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. सगळं ठीक आहे, म्हणाले, फक्त एक सांगून ठेवतो, मुलीला सौम्य मंगळ आहे. चालेल ना? रस्त्यावर ट्रकचा हॉर्न चालू होता. फॉन्ट्याला ऐकू आलं ते मंगल.

"मंगल? चालेल की. र. कृ. जोशींचं काम आहे. विंडोजमधे येतोच. फक्त सौम्य नको, ठळक घेऊ. आणि एक सांगतो, त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे नाहीत."

मुलीच्या वडलांनी 'आपल्या वळणाचे नाहीत' एवढंच ऐकलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या एका स्थळाचा बायोडेटा त्यानं परत पाठवला तो लाल पेनानं अक्षरांमधली अंतरं दुरुस्त करून. पसंती-नापसंतीबद्दल एक ओळ नाही. त्याच्या आईनं आता स्थळं तोंडी मागवायला सुरवात केली आहे.

हा माणूस वेडा आहे का? मी बराच विचार केला आणि माझ्या मास्तरकीच्या अनुभवावरून एका निष्कर्षाला आलो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला आपण अक्षरशत्रू म्हणतो. फॉन्ट्या त्याच्या उलट्या टोकाचा. अक्षराशी याची मैत्री एवढी दाट की ते काय सांगतंय तिकडे लक्षच जात नाही. मित्राच्या चेहऱ्याकडं बघत बसावं आणि तो पैसे मागतोय हे ऐकूच येऊ नये, तसं. तो अक्षर बघतो. वाचत नाही.

याचा पुरावा दशक्रियेच्या फ्लेक्सनं दिला. गावातल्या दोघा भावांतले थोरले वारले. मुलांनी फोटो दिला, चिठ्ठीवर मजकूर दिला, दोन्ही भावांची नावं दिली. एक वर, एक खाली 'शोकाकुल' मध्ये. फॉन्ट्या रात्रभर जागला. सकाळी घाटावर फ्लेक्स लागला. फोटो थोरल्याचा, नाव धाकट्याचं. धाकटे पिंडदानाला समोरच उभे होते.

अकरा वाजता ते फ्लेक्स काखेत मारून दुकानात आले. टोपी हातात, आवाज फाटलेला. "का रं? मी मेलोय व्हय?"

फॉन्ट्यानं फ्लेक्स उलगडला, नाव बघितलं, पुन्हा बघितलं, आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "चुकलं, काका. पण 'श्रद्धांजली'तला 'द्ध' बघा तुम्ही. आजकाल द आणि ध लोक शेजारी शेजारी उभे करतात, एष्टीच्या रांगेत उभं केल्यागत. मी द च्या पोटात ध घेतलाय. जुन्या छापखान्याचं वळण आहे ते. असा द्ध आता कुणी करत नाही."

काकांनी द्ध कडे बघितलं. खरंच देखणा होता. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जपून ठिव. नाव माझंच हाय. कामाला यील." आणि फ्लेक्स तिथंच ठेवून गेले. तो अजून माळ्यावर आहे.

आता शेवटचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती नाजूक, बाळाला दूध पुरेना. तेव्हा गडावरून बोलावणं आलं ते आमच्या कापूरहोळला, गाडे पाटलांच्या घरात. धाराऊ गडावर गेल्या आणि राजांच्या दूधआई झाल्या. पुढं अडीच वर्षांच्या आत सईबाई गेल्या. हे आमच्या गावाचं भूषण. त्यामुळं १४ मे ला फाट्यावर फ्लेक्सांची दाटी होते. गरजणारे सिंह, कडाडणाऱ्या विजा, पेटलेली, सोनेरी, फुगलेली अक्षरं आणि खाली चाळीस-चाळीस शुभेच्छुक. त्या गर्दीत धाराऊ कुठं तरी कोपऱ्यात, तिकिटाएवढी.

एका वर्षी फॉन्ट्यानं स्वतःच्या खर्चानं एक फ्लेक्स लावला. पांढऱ्यावर काळा एकच शब्द. धाराऊ. ध ला डोक्यावर पुरती रेघ नसतेच. 'रा'वरून शिरोरेघ निघाली होती, ती ऊ वर आली, ऊ च्या पुढं गेली, आणि तिथून खाली उतरून ऊ ला झाकत आत वळली होती. बस्स. ना सिंह, ना वीज, ना शुभेच्छुक. कोणती चळवळ म्हणून मी विचारलं, तर पहिल्यांदाच तो म्हणाला, "आठवत नाही, गुरुजी. बसलो आणि झालं."

बाजाराच्या पिशव्या घेऊन एसटीची वाट बघणारी एक म्हातारी त्याच्यापुढं थांबली. तिला अक्षरओळख नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दर महिन्याला तिचा अंगठा मी बघतो. ती कितीतरी वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "पदराखाली घेतलंय जणू पोराला."

फॉन्ट्या पुढं झाला. "आजी, ती शिरोरेघ आहे."

"असंल," म्हातारी म्हणाली. "आमी तिला पदर म्हंतो."

त्यानंतर दोन दिवस फॉन्ट्या कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच खांबावर कुणाचा तरी वाढदिवस आला. धाराऊचा फ्लेक्स कुणीतरी उतरवून नेला आणि आता तो एका गोठ्यावर पेंढ्याला पावसापासून राखतो. आमच्याकडे सगळेच फ्लेक्स शेवटी गोठ्यावर जातात. बाकीचे पालथे घालतात. हा तेवढा सुलटा घातलाय.

तुम्ही कधी कापूरहोळला उतरलात, आणि काही छापून घ्यायचं असलं, तर गाळा शोधायला लागणार नाही. आप्पांच्या टपरीसमोरच आहे. मात्र नाव, तारीख, स्थळ घरून कागदावर लिहून न्या, आणि छपाईला जाण्याआधी स्वतः वाचून बघा. तो नुसतं बघेल. दर चौरस फुटाला बारा रुपये, मोकळी जागा धरून.